पाचशे मीटरवरून रोही टिपणे: परवाना असला तरी ते योग्य ठरते का?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

हा धागा कायद्याविषयी नाही, परंतु कायद्याची चौकट आधी मांडली नाही तर पहिल्या चार प्रतिसादांतच चर्चा भरकटेल, म्हणून तेवढे सांगून टाकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचा विषय आपल्याकडे संपला. काळवीट पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याचे नाव कृपया येथे कोणी काढू नये. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यापासून उभ्या पिकाला उपद्रव होत असेल, तर कलम ११ खाली वन विभागाच्या लेखी परवान्याने त्यांना मारता येते. परवान्याशिवाय जनावराला नुसते जखमी करणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच आहे.

आता मूळ प्रश्न. हरभऱ्याला घाटे लागल्यापासून आमच्या शिवारात रोह्यांचा कळप रोज उतरतो आहे. परवान्यासाठी अर्ज करावा असे गावच्या बैठकीत ठरले आणि त्याच बैठकीत एकाने शहरातील एका परवानाधारक नेमबाजाचे नाव सुचवले. त्या गृहस्थांचे म्हणणे असे की, रोही माणसाला दोनशे मीटरच्या आत येऊ देत नाही, तेव्हा जवळ जाण्याचा खटाटोपच कशाला करायचा. आपण कालव्याच्या भरावावर रायफल टेकवून पाचशे-सहाशे मीटरवरून एका गोळीत एक जनावर पाडून देऊ. त्यांनी मोबाईलवर परदेशातील काही चित्रफिती दाखवल्या. तरुण मंडळी हरखून गेली. जुनी माणसे काहीच बोलली नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणे मला अधिक खटकले.

जनावर मारावे की न मारावे हा वाद मी येथे उकरत नाही. मला प्रश्न पडला आहे तो अंतराचा. ज्या प्राण्याला आपली चाहूल लागण्याची शक्यताच नाही, जो आपल्याला दुर्बिणीशिवाय धड दिसतही नाही, त्याच्यावर गोळी झाडण्यात काही मूलतः गैर आहे, की जखमी होण्याचा धोका वाढतो एवढाच त्यातला दोष आहे? दोष एवढाच असेल, तर उद्या अचूक रायफल आली की तो दोष संपला असे मानायचे का? अभ्यास असलेल्यांनी, विशेषतः ज्यांनी रायफल प्रत्यक्ष हाताळली आहे त्यांनी, सविस्तर लिहावे.

कोरडवाहू (केज, जि. बीड)

दुधनाकाठ, राग मानू नका, परंतु नीतीची ही चर्चा ज्याच्या तुरीत कळप लोळलेला नाही त्यालाच परवडते. पौषाच्या थंडीत रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवणाऱ्या माणसाला 'अंतर किती असावे' हा प्रश्न विचारून पाहा. नुकसानभरपाईचा पंचनामा होईपर्यंत रान वखरून मोकळे करायची वेळ येते.

दुसरे असे की, तुम्ही तुलना कशाशी करता आहात? आमच्या भागात आज जनावरे कशी मरतात ते सर्वांना ठाऊक आहे, फक्त कोणी लिहीत नाही. कुंपणाच्या तारेत चोरून सोडलेला वीजप्रवाह, क्लचवायरचे फास, पिठाच्या गोळ्यात भरलेली स्फोटके, ज्यांनी डुकराचा जबडा फाटतो आणि ते दोन-दोन दिवस तसेच फिरते. त्या तारेला चिकटून माणसेही जातात. या सगळ्याच्या शेजारी पाचशे मीटरवरून आलेली एक गोळी ठेवा आणि मग मला सांगा, अधिक दयाळू काय आहे?

थ्री पोझिशन (छत्रपती संभाजीनगर)

मी रायफल नेमबाजीचा खेळाडू आहे, शिकारी नाही, त्यामुळे जे मोजता येते तेवढ्यापुरतेच लिहितो. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून गावोगावची मुले रायफलीविषयी विचारू लागली आहेत, याचा आनंदच आहे. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. परंतु कागद चालत नाही, आणि कागदाला पोट नसते.

.३०८ किंवा .३०-०६ या मध्यम ताकदीच्या रायफलींची गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगाने नळीतून निघते. हवेच्या विरोधाने तिचा वेग सतत घटत जातो आणि ५०० मीटर गाठायला तिला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. रायफल १०० मीटरवर जुळवलेली असेल, तर ५०० मीटरवर गोळी सुमारे दोन मीटर खाली येते. अनेकांना हीच मोठी अडचण वाटते, पण ती तशी नाही, कारण घसरण ठरलेली असते, तिचा तक्ता करता येतो आणि दुर्बिणीची चकती तेवढी फिरवता येते. अंतर मात्र अचूक हवे. ५०० मीटरवर अंदाज पंचवीस मीटरने चुकला तर गोळी फूटभर वर किंवा खाली लागते. लेसर रेंजफाइंडरने हा प्रश्न बराचसा सुटला आहे.

सुटलेला नाही तो वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर गोळीला दोन-अडीच सेंटिमीटर सरकवतो, म्हणजे विसरून जावा इतका. तोच वारा ५०० मीटरवर तिला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त ढकलतो. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी फूटभराचा फरक पडतो. भरावावर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या गालावरचा वारा कळतो, मधल्या नाल्यातला आणि जनावराजवळचा वारा कळत नाही. माघ सरला की आपल्या नांगरलेल्या काळ्या रानावर दहा वाजल्यापासून मृगजळ पेटते आणि दुर्बिणीतली प्रतिमाच जागेवरून हलल्यासारखी दिसते. मोठ्या रोह्याच्या काळीज-फुफ्फुसांचे क्षेत्र फार तर फूटभर असते आणि रानडुकराचे वीतभर. आता तुम्हीच हिशेब करा.

तरीही माझ्या मते खरी गोष्ट त्या पाऊण सेकंदाची आहे. चाप ओढला गेल्यानंतर तुमचे कौशल्य संपलेले असते. सावकाश चरणारे जनावर त्या वेळात एक पाऊल टाकते, आणि जो नेम खांद्यामागे धरला होता तो पोटात जातो. यात नेमबाजाची काहीही चूक नसते. जगातला सर्वोत्तम नेमबाज जनावराच्या मनात पुढच्या पाऊण सेकंदात काय येणार आहे हे जाणू शकत नाही. म्हणूनच 'अचूक रायफल आली की दोष संपला का' या धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे; रायफल आजही पुरेशी अचूक आहे.

एक तांत्रिक भर. शिकारीची गोळी लागल्यावर फुलते, म्हणून जखम मोठी होते आणि जनावर लवकर मरते. अनेक गोळ्यांना फुलण्यासाठी सेकंदाला साधारण ५५० मीटरचा वेग लागतो. .३०८ ची नेहमीची गोळी ५०० मीटरवर पोहोचेपर्यंत त्याच्या खाली आलेली असते. मग ती न फुलता आरपार जाते, आणि बरोबर जागी लागूनही जनावर धावत सुटते.

आणि चुकलेली गोळी कोठे जाते, हे त्या गृहस्थांना कोणी विचारले का? ती तीन किलोमीटरपेक्षा दूर जाऊ शकते. डोंगराळ मुलखात लक्ष्यामागे उतार असतो. सेलूच्या सपाटीवर लक्ष्यामागे दुसऱ्याचा आखाडा (शेतातली वस्ती) असतो, कापूस वेचणाऱ्या बाया असतात, मेंढरांचे वाडे असतात.

बालाघाटी (पाटोदा, जि. बीड)

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे 'मूलतः गैर' याकडे, अजून कोणी वळलेले नाही. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. किष्किंधाकांडात बाण लागून पडलेला वाली रामाला हेच विचारतो की, मी दुसऱ्याशी लढत असताना, तू समोर नसताना, लपून बाण मारलास हा कोणता धर्म? रामाच्या उत्तरातील एक भाग असा आहे की, माणसे जाळी लावून, फास टाकून, दडून मृगांना मारतात, ते पळत असोत की बेसावध उभे असोत, आणि त्यात दोष मानला जात नाही. तू तर शाखामृग, म्हणजे वानर. हे उत्तर पटो वा न पटो, शतकानुशतके कीर्तनकारांना त्याचा खुलासा करत बसावे लागले आहे यातच सगळे आले. पण एवढे निश्चित की, दडून मारणे हा मृगयेतील दोष आहे असे ते उत्तर मानत नाही.

महाभारतात पांडू मृगरूपातील किंदम ऋषींना मारतो, तेव्हाही मरणारा ऋषी 'मला मारलेस' अशी तक्रार करत नाही. त्याची तक्रार इतकीच आहे की, जोडी रममाण असताना थोडे थांबला नाहीस. तेव्हा जुन्या विचारात बंधन आहे ते समोरच्या प्राण्याच्या स्थितीवर, अंतरावर नाही. माझ्या मते ही कसोटी आजही चालते. रोह्याची मादी पिल्लाला पहिले काही आठवडे पिकात किंवा गवतात दडवून ठेवते आणि स्वतः थोड्या अंतरावर चरते. पिल्ले पुष्कळदा जुळी असतात. पाचशे मीटरवरून तुम्हाला मादी दिसेल, तिची भरलेली कास दिसणार नाही. जे मारतो आहोत ते नीट पाहिलेही नाही, ही खरी अडचण आहे.

स्नेक नदी (मूळ लातूर, सध्या आयडाहो, अमेरिका)

मी येथे परवाना घेऊन हरणांची शिकार करतो, त्यामुळे दुधनाकाठ यांनी उल्लेखिलेल्या चित्रफिती ज्या मुलखातून येतात तिकडची बाजू सांगतो. हा वाद येथेही मिटलेला नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने शिकारीत प्राण्याला निसटण्याची रास्त संधी असलीच पाहिजे हे तत्त्व रुजवले, आणि अतिदूरवरून गोळी झाडण्याविरुद्ध त्या संस्थेने स्पष्ट भूमिका घेतली आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, शिकारी आणि प्राणी एकमेकांच्या जाणिवेच्या कक्षेत असतील तेव्हाच ती शिकार. प्राण्याचे नाक, कान आणि डोळे निरुपयोगी ठरतील एवढे दूर बसलात तर उरते ती नेमबाजी.

आमच्या राज्याच्या नियमात मीटर किंवा यार्डांचा आकडा कोठेही नाही. परंतु मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी दुर्बीण, पट्टा वगैरे धरून १६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वासात किलोंपेक्षा जड बंदूक चालत नाही, आणि बंदुकीला विजेवर चालणारे उपकरण जोडता येत नाही; दुर्बिणीतील उजळणारी खूण तेवढी चालते. अंतर मोजायला पोलीस उभा करता येत नाही, म्हणून अंतर शक्य करणाऱ्या साधनावर बोट ठेवले आहे. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

मात्र एक इशारा देतो. रास्त संधीचे हे तत्त्व हौशी शिकारीसाठी आहे. पिकाच्या रक्षणासाठी परवान्याने जनावर मारताना त्याला निसटण्याची संधी द्यायची, हे बोलणे विसंगत आहे. निसटला तर तो उद्या पुन्हा हरभऱ्यात येईल. तेव्हा आमच्याकडचा हा युक्तिवाद जसाच्या तसा परभणीला नेऊ नये. नेण्यासारखे आहे ते त्याखालचे कारण: जवळ जाण्याची अट असली की मनुष्य कमी वेळा चाप ओढतो.

पैनगंगा (किनवट, जि. नांदेड)

वन खात्यात आयुष्य गेले, आता निवृत्त आहे. वरील आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत, पण त्यांचा परिणाम मी रानात पाहिलेला आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट इतिहासाची. निजामी अमलात आणि नंतरही येथे शिकारीचे परवाने असत आणि त्यांना नियम असत. वाहनातून गोळी घालू नये, पाणवठ्यावर घालू नये, रात्री उजेड टाकून घालू नये, असे ते सर्वसाधारण नियम होते. मग दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या स्वस्तात बाजारात आल्या, त्यांवर प्रखर दिवे बसले, आणि माळावरचे काळविटांचे कळप पाहता पाहता विरळ झाले. नियम कागदावर तसेच होते. जे साधन अवघड गोष्ट सोपी करते ते हातात आल्यावर माणूस थांबत नाही, हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिले. म्हणून 'स्नेक नदी' यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती त्या नेमबाज गृहस्थांनी बैठकीत सांगितली नसणार. दुरून पाहणाऱ्याला चुकलेली गोळी आणि पोटात लागलेली गोळी सारखीच दिसते. दोन्ही वेळा कळप उधळतो आणि तुरीपलीकडे जातो. भरावावरचा मनुष्य म्हणतो, 'हुकली', आणि पुढच्या जनावरावर दुर्बीण लावतो. हुकली की लागली हे ठरवायला जनावर उभे होते त्या जागेवर जावे लागते. काळ्या रानातून, ढेकळांतून पाचशे मीटर चालायला आठ-दहा मिनिटे लागतात, आणि तेथे पोहोचल्यावर ती जागा नेमकी कोणती हेच सापडत नाही, कारण भरावावरून जे झुडूप खूण म्हणून धरले होते तशी वीस झुडपे तेथे असतात.

जागा सापडली तर जमीन बोलते. फेसाळ, फिकट लाल रक्त असेल तर फुफ्फुसात लागली. जनावर जवळच पडलेले मिळते. गडद, काळपट रक्त असेल तर यकृत. रक्त अगदी थोडे, त्यात हिरवट पाणी आणि चघळलेल्या चाऱ्याचा वास असेल तर पोट. नुसते केस कापून पडले असतील आणि हाडाचा पांढरा कपचा असेल तर पाय, आणि मग दिवसभराची पायपीट. पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावू नये, हा जुन्या माग काढणाऱ्यांचा नियम आहे. त्याला तीन-चार तास निवांत सोडले तर ते पहिल्या सावलीत बसते आणि तेथेच सापडते. लगेच हाकलले तर दोन कोस जाते आणि मग कोणालाच मिळत नाही. हे सर्व करायला धीर असलेला, रान ओळखणारा मनुष्य लागतो. आमच्याकडे हे काम पारधी समाजातील जाणते लोक ज्या नजरेने करत ती नजर आता दुर्मीळ झाली आहे, आणि तो समाज तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेल्या शिक्क्यातून अजून पुरता सुटलेला नाही, पण तो वेगळा विषय.

गुरांचा वैद्य (उदगीर, जि. लातूर)

'पैनगंगा' यांनी लिहिलेल्या पोटाच्या जखमेविषयी थोडी वैद्यकीय भर. रोही रवंथ करणारा प्राणी आहे. त्याची कोठी फुटली की अर्धवट आंबलेला चारा आणि कोट्यवधी जिवाणू उदरपोकळीत पसरतात. आतड्यांभोवतीच्या आवरणाला सूज येते, ताप चढतो, जनावर पाठीला बाक काढून उभे राहते, पाण्याकडे जाते, पण पिऊ शकत नाही. मरायला कित्येक तास, कधी एक-दोन दिवस लागतात. जबड्याला गोळी लागलेले जनावर तर जखमेने मरत नाही, उपासमारीने मरते. अशी एक रोह्याची मादी मला तलावाच्या गाळात रुतलेली पाहायला बोलावले होते. खालचा जबडा लोंबत होता, जखमेत अळ्या होत्या, आणि कास मात्र दुधाने तटतटलेली होती. कोणी, कोठून गोळी घातली ते कधीच कळले नाही.

कोरडवाहू (केज, जि. बीड)

वाचले. वैद्यांच्या प्रतिसादाने अंगावर काटा आला हे मान्य करतो. परंतु माझा मुद्दा कोणी खोडलेला नाही.

पीकसंरक्षणाच्या परवान्यावर गावात ज्या बाराबोअर बंदुका आहेत, त्यांतील बहुतेकांनी गेल्या कित्येक वर्षांत एक काडतूस उडवलेले नाही. मोठे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे पांगतात. असा मनुष्य अंधारात, घाबरलेल्या हातांनी, साठ मीटरवर धावत्या डुकरावर बार टाकतो. दोन छर्रे मागच्या पायात, एक पोटात. हे जवळचे अंतर आहे ना? मग हे नैतिक झाले का? सराव असलेल्या माणसाने अडीचशे मीटरवर उभ्या जनावरावर टाकलेली गोळी यापेक्षा शंभरपट बरी. तुम्ही सगळे मिळून जे पाप सांगता आहात ते अंतराचे नसून अडाणीपणाचे आहे. आणि अंतराचेच असेल, तर एकदाचा आकडा सांगा.

सोनपेठी

कुंपणाला झटका मशीन लावा, विषय संपवा. सौरऊर्जेवर चालते, अनुदानही मिळते.

कोरडवाहू (केज, जि. बीड)

सोनपेठी, लावले आहे. रोही तारेवरून उडी मारतो.

थ्री पोझिशन (छत्रपती संभाजीनगर)

कोरडवाहू यांचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे, आणि त्यामुळेच आकडा सांगता येत नाही. नॉर्वेत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: १०० मीटरवर ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचही गोळ्या, आणि त्याआधी सरावाच्या किमान ३० गोळ्या. ही परीक्षा कठीण नाही. आमच्या क्लबमधील नवशिका मुलगा ती उत्तीर्ण होईल. महत्त्वाचे हे की ती दरवर्षी असते, आणि १०० मीटरवर असते. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असल्याची व्यवस्था तेथे आधीच करावी लागते. म्हणजे जखमी होणे हा अपघात मानलेला नाही, ते घडणारच असे धरून चालले आहे.

माझ्या मते कसोटी अशी असावी. ज्या अंतरावर तुम्ही त्या दिवसाची पहिलीच गोळी, गार नळीतून, शेतातल्या टेकूवरून, वाऱ्यात, जेवणाच्या ताटलीएवढ्या लक्ष्यात दहापैकी दहा वेळा घालू शकता, ते तुमचे अंतर. मैदानावर गाद्या अंथरून, दोन गोळ्या अंदाजाला वापरून तिसरी लावणे वेगळे. चित्रफितीत दाखवतात ती तिसरी असते. या कसोटीवर माझ्या ओळखीच्या चांगल्या नेमबाजांचे अंतरही दोनशे मीटरच्या पुढे फारसे जात नाही. पाचशे मीटरचा दावा करणाऱ्या गृहस्थांना ताटली लावून द्या आणि बसा पाहत.

पण कोरडवाहू, एका बाबतीत मी तुमच्याशी असहमत आहे. सगळे पाप अडाणीपणाचे नाही. कौशल्य कितीही वाढले तरी तो पाऊण सेकंद आणि ती आठ-दहा मिनिटांची चाल कमी होत नाही. जवळच्या बारात तुम्ही चूक केली तर ती तुमच्या डोळ्यांसमोर घडते आणि दुसरा बार टाकून यातना संपवता येतात. दूरच्या बारात चूक झाली हे कळण्याची सोयच नसते.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर आता बरेचसे बनले आहे, आणि ते 'बालाघाटी' व 'पैनगंगा' यांच्या मध्ये कोठेतरी आहे. अंतरात स्वतःहून पाप नाही. परंतु जे मारायचे ते आधी नीट पाहणे आणि मारल्यावर त्याच्यापर्यंत जाणे, या दोन गोष्टी टाळता येतात म्हणूनच दूरचे अंतर लोकांना आवडते, अशी मला शंका येऊ लागली आहे.

'स्नेक नदी' यांचा भेद, म्हणजे हौशी शिकार वेगळी आणि पिकासाठीचा परवाना वेगळा, हा मला मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष मी उलटा काढतो. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमधील मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांची मतेही परस्परविरुद्ध पडली होती. सरकारी परवानगी होती म्हणून लोकांच्या मनातला प्रश्न मिटला नाही. हौशी शिकाऱ्याला निदान स्वतःच्या प्रतिष्ठेची काळजी असते. येथे तर सगळे जण 'गरज होती' असे म्हणून मोकळे होणार, म्हणून येथे बंधने अधिक कडक हवीत.

त्या गृहस्थांना मी काल दूरध्वनी केला होता. जखमी जनावराचा माग कोण काढणार, असे विचारल्यावर त्यांनी 'ते गावकऱ्यांनी पाहावे' असे उत्तर दिले. ताटलीच्या परीक्षेला मात्र त्यांनी चटकन होकार दिला, तेव्हा त्यांच्या कौशल्याविषयी मी आताच काही म्हणत नाही. परवा पुन्हा बैठक आहे. परीक्षा, दोनशे मीटरची कमाल मर्यादा, लक्ष्यामागे मातीचा भराव, आणि प्रत्येक बारानंतर जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय दुसरा बार नाही, एवढ्या अटी मी लेखी मांडणार आहे. दोनशे मीटरच्या आत रोही येऊ देत नाही म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे की, तो हरभऱ्यात येतो, तेव्हा माणसानेच पहाटेपूर्वी तुरीत जाऊन बसावे. 'पैनगंगा' काका, वेळेबाबत काही अट घालावी का?

पैनगंगा (किनवट, जि. नांदेड)

वेळेची अट अवश्य घालावी, आणि ती सकाळचीच घालावी. पहाटे जागेवर बसावे, जनावर कोणते आणि त्याच्यासोबत पिल्लू आहे की नाही हे ओळखता येईल इतके उजाडल्यावरच बार टाकावा, म्हणजे पोटात लागले तरी तीन-चार तास थांबून माग काढायला दिवस शिल्लक राहतो. दुपारनंतर बार टाकूच नये. संध्याकाळी जनावर जास्त दिसते म्हणून मंडळी आग्रह धरतील, त्यांचे ऐकू नये. बार टाकणाऱ्याने उठण्यापूर्वी एका माणसाला जनावर उभे होते त्या दिशेने सरळ चालत पाठवावे आणि स्वतः रायफल रिकामी करून, दुर्बिणीतून नव्हे तर साध्या डोळ्यांनी पाहत, हाताने खुणा करून त्याला जागेवर आणावे. तेथे काठी रोवावी, काठीला कापड बांधावे, आणि ती जागा कोणी तुडवू नये. वनरक्षकाला आदल्या दिवशी कळवून ठेवा. पंचनाम्याला तो लागेलच, पण माग काढायलाही त्याचा उपयोग होतो.